धाकटीनं खाल्लेलं टायर

पुतण्याच्या लग्नासाठी सासरी, खटकचिंचोळीला गेले होते. मांडवात पाऊल टाकते न टाकते तोच आमच्या थोरल्या दिरांनी, म्हणजे अण्णांनी, नवरीकडच्या पाहुण्यांना माझी ओळख करून दिली. "ही आमची धाकटी. परसात चिंचेला झोक्याचं टायर टांगलंय बगा, ते हिनंच खाल्लेलं हाय." पाहुणे हसले. मुलीकडचे होते, बिचाऱ्यांना हसणं भाग होतं. मीही हसले, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि चहा घेतला. चहा काही गोड लागला नाही.

इतक्या वर्षांत या घरात मी काय काय केलं. मुलं वाढवली, सासूबाईंचं दुखणं काढलं, लोणच्याच्या बरणीला कधी बुरशी धरू दिली नाही. यातलं एक अक्षर कुणाच्या तोंडी नाही. तोंडी काय, तर हिनं टायर खाल्लं. उद्या मी गेले आणि दहाव्याला कावळा शिवेना, तर ही माणसं पिंडाशेजारी रबराचा तुकडा ठेवून बघतील, याची मला खात्री आहे.

आमच्या घरात गोष्टी सांगणारी मी. कोण कुठल्या विहिरीत पडलं, कुणाची नवरी पाटावर झोपली, सगळं पोरांना माझ्याकडून कळतं. पण ही एक गोष्ट मात्र माझ्याविषयी दुसरेच सांगतात, आणि चुकीची सांगतात. म्हणून पंगत बसायच्या आधी मी परसात गेले आणि त्या टायरपुढं उभी राहिले.

चिंचेच्या फांदीला साखळी, साखळीत टायर. पोरांच्या बुडांनी आतली कड चकचकीत झालेली. बाहेरून मात्र ते आहे तसंच आहे. ज्या अंगाला ठिगळ मारलेलं आहे ती त्याची डावी बाजू. त्या बाजूला नक्षी अजून शाबूत आहे, थापलेल्या भाकरीवर बोटं उठावीत तशी. आणि उजवी बाजू पाट्यासारखी गुळगुळीत. मी त्यावरून बोट फिरवलं. उन्हानं रबर तापलं होतं. त्या वासाबरोबर पेट्रोलचा वास आला, ओल्या मुगाच्या शेंगांचा आला, आणि माहेरच्या, नौबादच्या लाल मातीचाही आला. नाकाला वय नसतं. मला मात्र आहे, म्हणून मी शेजारच्या बाजेवर बसले.

*

हे टायर ज्या फटफटीचं, ती शरणप्पांकडून आली. शरणप्पा म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी भुसाराचं दुकान असलेले लिंगायत गृहस्थ. घरात कानडी, दुकानात मराठी, कचेरीत गेले की दखनी उर्दू. त्यांनी ती कुठून आणली हे कुणी विचारलं नाही. पोलीस अॅक्शन नुकती होऊन गेली होती, निजामाचा अंमल उतरला होता, आणि त्या वर्षांत वस्तू कुठून आली हे विचारायची रीत नव्हती. वरून काळा रंग होता, पण नखानं खरवडलं की खाली लष्करी हिरवा निघायचा.

आमचे हे विहिरींवरची तेलाची इंजनं दुरुस्त करत, म्हणून फटफटी यांच्यासाठी. सासूबाईंनी, म्हणजे आत्याबाईंनी, तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, दिव्याला हळदकुंकू लावलं आणि ती ओरडते कशी हे एकदा ऐकून देवघरात जाऊन बसल्या.

शिकायचं कुठं हा प्रश्न होता. गल्लीत म्हशी, रस्त्यावर गाड्यांच्या चाकोऱ्या. सुगी संपली होती, खळं रिकामं होतं. शेणानं सारवून, बैलांच्या खुरांनी मळून ते असं टणक झालेलं की त्यावर मोहरी सांडली तरी वेचून घ्यावी. शरणप्पा म्हणाले, इथंच फिरवा. आत्याबाईंनी हो म्हटलं, पण एक अट घातली. खळ्यात मधोमध जो खांब असतो, तिवडा, तो उजव्या हाताला ठेवूनच फिरायचं. बैल तसेच फिरतात, देवाला प्रदक्षिणा तशीच घालतात. उलटं फिरलं की खळ्यातली लक्ष्मी उठून जाते.

झालं. आमचे हे तिवड्याभोवती फिरू लागले. मी लग्न होऊन नुकती आले होते. तुरीच्या काटक्यांच्या कुडाआडून बघत होते. शरणप्पा मधे तिवड्याला टेकून उभे, तोंडात पान, आणि फटफटी जवळ आली की ओरडायचे, "बग्ग, बग्ग." कानडीत बग्ग म्हणजे वाक, कल. आधी हे काठीसारखे ताठ बसले आणि कुडात घुसले. मग हळूहळू वाकायला शिकले. फटफटी उजवीकडं कलायची, हे तिच्याबरोबर कलायचे, धोतराचा सोगा मागं उडायचा, आणि दोघं मिळून तिवड्याभोवती असे फिरायचे की बघणाऱ्यालाच गरगरावं. भुशाचा पिवळा धुरळा वर उठून उन्हात लटकत राहायचा. मला तेव्हा वाटलं होतं, आपल्या नवऱ्याला वळणं घेता येतात. नवी नवरी होते, काय काय वाटायचं.

*

माझं माहेर नौबादचं. घरात माय एकटी. भाऊ नाही, काका नाही, म्हणून पंचमीला मला न्यायला कुणी येणार नाही हे लग्नातच ठरल्यासारखं होतं. आमच्याकडं नागपंचमी म्हणजे लेकीबाळींचा सण. ज्वारीच्या लाह्या, तंबिटाचे लाडू, हातावर मेंदी आणि कडुलिंबाला बांधलेला झोका. ज्या पोरी माहेरी येत नाहीत त्यांचा झोका आया रिकामाच हलवतात. माय म्हणाली होती, "तू ये. कशावर बी बसून ये."

कशावर बसून, तर फटफटीवर. पहिल्या पंचमीला आम्ही निघालो. मी नऊवारी नेसलेली, काष्टा घातलेला. घोड्यावर बसायला याहून सोयीचं वस्त्र देवानंसुद्धा केलं नसतं. पण आत्याबाईंनी डोळे असे केले की मी दोन्ही पाय डावीकडं टाकून बसले. एका हातात लाह्यांचं गाठोडं, दुसऱ्या हातानं सीटखालची कांब धरलेली. नवऱ्याला धरायचं नाही, सगळं गाव बघत होतं.

गाव मागं पडलं. श्रावणातली हिरवीगार पिकं, मुगाच्या शेंगा भरत आलेल्या, ओढ्याला गढूळ पाणी. तोंडावर वारा असा आला की पदर धरावा, गाठोडं धरावं की स्वतःला धरावं हेच कळेना. एक वळण आलं, उजवीकडचं. हे पुढून ओरडले, "बग्ग."

आता हे बघा. मला कानडी येत नव्हती असं नाही. नौबादच्या पोरीला तिन्ही भाषा येतात, बाजारात जाऊन आल्या की येतातच. पण आमचे हे माझ्याशी कधी कानडी बोलले नव्हते. नवरा बोलतो ते मराठी, असं माझ्या कानानं धरून ठेवलेलं. वाऱ्यात तो जोडाक्षराचा ठोका उडून गेला आणि मला ऐकू आलं, "बग." मी बघितलं. काहीतरी दाखवायलेत म्हणून चांगली ताठ होऊन, मान वळवून, पार मागच्या टेकाडापर्यंत बघितलं. मोर असेल, हरीण असेल. मोर नव्हता. फटफटी वळली नाही, सरळ गेली आणि आम्ही मुगात.

लागलं काही नाही, चिखल होता. हे उठले आणि आधी फटफटीकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"म्या बग्ग म्हनलो, आन तू कुठं बगायलीस?"

"तुमी बग म्हनलाव. म्या बगितले."

"बग न्हाई, बग्ग."

"तेच की. काय बगू ते तर सांगा."

"अगं, वाक म्हनायलो मी. वाक."

"मंग वाक म्हनावं की मराठीत. बायकोशी बोलायला शरणप्पाची भाषा कामून लागती?"

 ते मुगाच्या शेंगा सोलून खाऊ लागले. मग मीही खाल्ल्या. लाह्या सगळ्या चिखलात सांडल्या होत्या, त्यावर चिमण्या उतरल्या. ओल्या लुगड्यात तिथं बसून आम्ही दोघं पहिल्यांदा मोठ्यानं हसलो असू. घरात हसायला जागा नव्हती.

*

मग मी वाकायला शिकले. वाकणं म्हणजे मला नवं काय होतं? सून झाल्यापासून मी वाकतच होते. सकाळी सासूच्या पायाशी, दुपारी चुलीपुढं, संध्याकाळी आलेल्या-गेलेल्याच्या पायाशी. पण या वाकण्याच्या शेवटी कुणाचे पाय नव्हते. मोकळा रस्ता होता. वळण दिसलं की अंग आधीच सैल सोडायचं, यांच्या खांद्यावरून वळणाच्या पार पलीकडं बघायचं, आणि फटफटी कलली की तिच्या मनाविरुद्ध जायचं नाही. तेव्हा मला कळलं की मुगात पडले त्या दिवशीसुद्धा मी अर्धं बरोबर केलं होतं. बघायचं असतंच. नुसतं बघायचं नसतं.

आमच्याकडची, भालकीच्या अंगाची काळी माती संपत आली की रस्ता वळणावळणानं वर चढायचा आणि एका ठिकाणी माती एकदम लाल व्हायची. चाकाला आधी काळा चिखल, मग त्यावर लाल. पठारावर आलं की हवा गार, बांधाला सीताफळीची झुडपं, त्यांच्या पानांचा उग्र वास. माय दारात उभी असायची, आणि चाकाची माती बघूनच म्हणायची, "आलीस व्हय."

सणाला, तिच्या आजारपणाला, कधी नुसतंच हळद देऊन यायला, मी त्या वळणांवरून जात राहिले. एवढंच खटकायचं की उजवीकडची वळणं हे झोकात घेत आणि डावीकडचं आलं की फटफटी बैलगाडीसारखी हळू करून, एक पाय जमिनीला घासत, ताठ बसून काढत. मला वाटायचं, डावीकडं मी बसलेय म्हणून जपत असतील. मनात सुख वाटायचं. आता त्या सुखाचासुद्धा राग येतो.

*

आणि एका आषाढात अण्णांनी टायर बघितलं.

अण्णा माझ्याशी तेव्हा बोलत नसत. थोरला दीर आणि धाकटी भावजय यांच्यात बोलणं नसायचं. काही सांगायचं झालं तर ते ओसरीच्या खांबाला सांगत आणि मी आतून खांबाचं ऐकत असे. त्या दिवशी फटफटी ओसरीपुढं उभी होती. अण्णा उकिडवे बसले, मागच्या चाकावरून हात फिरवला.

"हे एकीकडंच कामून झिजलंय रे?"

"झिजतंच की अण्णा, रबर हाय," आमचे हे म्हणाले.

"झिजू दे. पन एकीकडंच?" आणि मग खांबाकडं वळून, "फटफटीवर दोनी पाय एकीकडं टाकून कोन बसतंय?"

खांब काय बोलणार. आत्याबाई बोलल्या, "ती बसती."

मी दाराआड होते. मी आत्याबाईंना ऐकू जाईल आणि अण्णांनाही जाईल इतक्या आवाजात म्हटलं, "आत्याबाई, म्या बसते डावीकडं. टायर झिजलंय उजवीकडं."

 मला वाटलं, सुटले. अण्णांनी मिशीवरून बोट फिरवलं आणि खांबाला समजावून सांगितलं, "तेच की. ती डावीकडं वजन टाकायली, म्हनून ह्यो उजवीकडं कलून तिला सावरायलाय. मंग उजवीकडंच झिजनार."

म्हणजे डावीकडं झिजलं असतं तर मी बसते म्हणून, आणि उजवीकडं झिजलं तर मला सावरतात म्हणून. टायर मधोमध झिजलं असतं तरी अण्णांनी वाट काढली असती. आणि दर बाजाराला भालकीला मागं बसून कोण जायचं? अण्णा. त्यांच्या एका मांडीत माझ्यासारख्या दोघी झाल्या असत्या. ते बसले की मागचं चाक गुडघ्यावर आल्यासारखं खाली जायचं. पण ते दोन्हीकडं पाय टाकून बसत, म्हणून ते माणूस, आणि मी वजन.

टायर तेव्हा सोलापुराहून यायचं आणि सांगून ठेवलं तरी कधी येईल याचा नेम नसायचा. "नवं येईस्तोवर बाईमानसानं फटफटीवर बसू ने," अण्णांनी खांबाला सांगितलं. खांबानं मान्य केलं.

मी यांच्याकडं बघितलं. हे पान्हा पुसत होते.

"बोला की अण्णाला," नंतर मी म्हटलं. "पंचमी आली. माय वाट बघत बसंल."

"काय बोलू?"

"मी न्हाई झिजवले म्हना."

"मंग कोन झिजवलं म्हनतील."

"कोन झिजवलं?"

"ठाऊक असतं तर बोललो न्हसतो व्हय?"

इंजनाच्या पोटातला बारीक खडखडाट बाहेरून ओळखणारा माणूस. भावापुढं उभा राहिला की याला स्वतःच्या बायकोचा आवाज ओळखू येत नव्हता. बैलगाडी मागावी तर पेरणी-कोळपणीचे दिवस, गाडी मिळणार नाही हे विचारायच्या आधीच ठरलेलं.

ती पंचमी मी चिंचोळीत काढली. गल्लीतल्या साऱ्या पोरी या चिंचेखाली जमल्या होत्या. फांदीला झोका, दोघी दोघी उभ्या राहून झोके घेत होत्या, दोर कुरकुरत होता, मेंदीचा आणि भाजलेल्या लाह्यांचा वास गल्लीभर होता. मला बोलावलं, मी गेले नाही. मनाशी म्हटलं, माझा झोका लिंबाला आहे, चिंचेला नाही. आणि जाता-येता आत्याबाईंच्या तोंडून सगळ्यांना कळत होतं, "टायर खाल्ली ना आमची सून, म्हनून ऱ्हायली." पोरी खुदखुदत होत्या. ते वाक्य त्या दिवशी जन्मलं. अजून मरायचं आहे.

पुढं बऱ्याच दिवसांनी नौबादहून कुणी बाजाराला आलं, त्यांच्याबरोबर मायनं लाह्या धाडल्या. मऊ पडलेल्या. निरोप होता, झोका सोडला नाही, आलीस की बस.

*

त्याच सुगीत मला कळलं.

मळणी चालू होती. मी खळ्याच्या कडेला सूप घेऊन बसले होते. बैल तिवड्याभोवती फिरत होते, तिवडा उजव्या हाताला, डोळे अर्धे मिटलेले, पायांखाली कणसं करकरत होती. आतल्या अंगाचा बैल आत कललेला, वर्षानुवर्षं तसाच. त्याला खळ्याबाहेर काढून रस्त्यावर जुंपलं तरी तो उजवीकडंच ओढायचा. मी त्याच्याकडं बघत राहिले आणि हातातलं सूप तसंच राहिलं. आमचे हे याच खळ्यात शिकले होते. याच तिवड्याभोवती, याच दिशेनं, दुसऱ्या दिशेला कधी एकसुद्धा फेरा न मारता. त्यांना डावीकडं कलताच येत नव्हतं. गावात डावीकडं वळायचं असलं की ते मारुतीच्या देवळाला पूर्ण वळसा घालून उजवीकडून येत. लोक म्हणायचे, काय भक्ती.

टायर मी खाल्लं नव्हतं. खळ्यानं खाल्लं होतं.

आणि हे मी कुणाला सांगणार होते? खळ्याला नारळ फोडलेला, तिवड्याला शेंदूर लावलेला, लक्ष्मी तिथं बसलेली, आणि अट आत्याबाईंची. घरच्या लक्ष्मीवर टायरचा आळ घेतला असता तर मला माहेरी पाठवलं असतं खरं, पण कायमचं. मी सूप पाखडायला घेतलं. भुसा डोळ्यांत गेला म्हणून डोळे पुसले, असंच बघणाऱ्यांना वाटलं.

पण यांना मी सांगितलं. शेतात भाकरी घेऊन जायला मला बंदी नव्हती. तळ्याचं पाणी आटलं की पाळीखाली सपाट पांढरी जमीन उघडी पडायची, तिथं हे फटफटी घेऊन येत. पहिल्यांदा हे ऐकूनच घेईनात. मग मी काष्टा घट्ट खोवला आणि दोन्हीकडं पाय टाकून मागं बसले. बगळ्यांशिवाय बघायला कुणी नव्हतं.

"डावीकडं घ्या."

"पडंल."

"न्हाई पडत. मी कलते, तुमी माज्या मागनं कला."

"अगं, पुढं मी बसलोय, मागं तू. तुज्या मागनं कसा येऊ?"

"आजवर मी आले न्हवं तुमच्या मागनं? तसंच."

मी डावीकडं अंग टाकलं. हे ताठ राहिले आणि फटफटी वेडीवाकडी होत थांबली. पुन्हा टाकलं. मग मी त्यांच्या कानाशी ओरडले, "बग्ग." आणि त्यांनी काय केलं असेल? त्यांनी बघितलं. माझ्या तोंडून आलं म्हणून त्यांच्या कानाला ते मराठी वाटलं. मान वळवून डावीकडं, तळ्याच्या पार कडेला बघितलं, आणि जिकडं डोळे गेले तिकडं खांदा गेला, खांदा गेला तिकडं फटफटी गेली. पहिल्यांदाच. आम्ही एक मोठा गोल फेरा घेतला, तिवडा नसलेला, उलटा. लक्ष्मी उठून गेली असेल तर आम्हाला दिसली नाही.

ज्येष्ठात सोलापुराहून टायर आलं. जुनं माळ्यावर पडलं, पुढं पोरांनी त्याचा झोका केला. नव्याला मी जपून बघत असे. पहिला पाऊस, दुसरा पाऊस, दोन्ही अंगांनी सारखं झिजत होतं. अण्णांनीही बघितलं असणार, पण त्याविषयी खांबाला काही कळवलं नाही. पंचमीला मी नौबादला गेले. डावी वळणं, उजवी वळणं, सगळी लोण्यासारखी गेली. काळी माती संपली, लाल आली, सीताफळींचा वास आला.

दारात कुणी नव्हतं. माय वैशाखातच गेली होती; ठाऊक होतं, तरी मी आले होते. लिंबाच्या फांदीला दोराचा काच तेवढा दिसत होता.

त्यानंतर कधीतरी आम्ही हैदराबाद स्टेटमधून म्हैसूर राज्यात गेलो, जागेवरून न हलता. मैलाच्या दगडांवरची उर्दू अक्षरं जाऊन कानडी आली. शरणप्पा गेले, फटफटी मोडीत गेली, आत्याबाई गेल्या, खळ्यावर आता पोरं क्रिकेट खेळतात. जे जे हलायला नको होतं ते हललं. हललं नाही ते एकच वाक्य.

*

मी बाजेवर किती वेळ बसले होते कोण जाणे. काठी टेकत अण्णा परसात आले. आता ते माझ्याशी बोलतात. केस पांढरे झाले की ही सवलत मिळते.

"पंगत बसायलीय. इथं कामून बसलीस?"

"खाल्लेलं टायर बघायले."

ते हसले. मी हसले नाही.

"अण्णा, हे टायर खळ्यानं खाल्लंय. आमचे हे खळ्यात उजवीकडंच वाकायला शिकले, त्यानं झिजलं. मी न्हाई झिजवले."

इतकी वर्षं मनात घोळवलेलं वाक्य. वाटलं होतं, ते चिडतील, नाहीतर पुन्हा मिशीवरून बोट फिरवून काहीतरी काढतील.

"ठाऊक हाय की," अण्णा म्हणाले.

"कवापास्नं?"

"त्याच सुगीपास्नं. बैल फिरायले होते, मी बगत होतो."

म्हणजे मी सूप घेऊन खळ्याच्या एका कडेला, आणि अण्णा दुसऱ्या कडेला. एकाच बैलाकडं बघत होतो.

"मंग बोललाव कामून न्हाई?"

"माय होती माजी. तिच्या खळ्याला कसा बोल लावू? आन तोवर तुज्या नावावर बसलं होतं. लोक हसायचे. बसलेलं कोन उठवतंय."

"माय मलाबी होती, अण्णा."

 मांडवातून सनईचा आवाज येत होता, कढीच्या फोडणीचा वास येत होता. त्यांनी माझ्याकडून तोंड फिरवलं, चिंचेच्या बुंध्याकडं केलं. घसा खाकरला आणि त्या बुंध्याला सांगितलं, "धाकटीला म्हनावं, त्या पंचमीला जाऊ द्यायला पायजे होतं."

बुंधा काही बोलला नाही.  राग गेला का म्हणाल, तर नाही गेला. जायचं वय उलटून गेलेला राग आहे तो, आता माझ्याबरोबरच जाईल. पण मी उठले. चिंचोळीत येऊन इतकी वर्षं झाली, या चिंचेच्या झोक्यावर मी कधी बसले नव्हते. आता गोल पातळ नेसते, काष्टा गेला. तरी पातळ गुडघ्याशी आवळून मी त्या टायरमध्ये बसले. साखळी कुरकुरली.

"ढकला," मी म्हटलं.

अण्णांनी इकडंतिकडं बघितलं. भावजयीला हात कसा लावायचा? मग त्यांनी काठीचं टोक टायरच्या गुळगुळीत बाजूला टेकवलं आणि रेटलं. झोका हलला. दुसऱ्यांदा जरा जोरात. फांदी करकरली, वरून चिंचेचा पाला गळाला.

आमचे हे तेव्हा मांडवाच्या टोकाशी बसले होते. आयुष्यभर इंजनांशेजारी बसून त्यांना आता कुठलीच भाषा नीट ऐकू येत नाही, म्हणून बोलतात ते साऱ्या गावाला ऐकू जातं. त्यांनी मान वर केली, मला टायरमध्ये झुलताना बघितलं, हातातलं पान तसंच राहिलं. आणि पाहुण्यांच्या देखत ते तिथून ओरडले.

बग म्हणाले की बग्ग, सनईत कळलं नाही. मी दोन्ही केलं.